आभाराच्या पानावर मायाक्का

बंडगर वस्तीवर मायाक्काला आत्ती न म्हणणारा माणूस सापडायचा नाही. नवरा सिदू टाकीच्या कामावर वरून पडून गेला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. सासरच्यांनी महिनाभर कळ काढली आणि मग तिचं बोचकं अंगणात आणून ठेवलं. ती माहेरी आली ती आलीच. भावांच्या पोरांची आत्ती झाली, पुढं त्या पोरांच्या पोरांचीही आत्तीच राहिली, नातं सोडवत बसायला कुणाला वेळ होता? वस्तीत सातवी शिकलेली बाई ती एकटी, त्यामुळं मिनी अंगणवाडी मंजूर झाली तेव्हा सेविकेची ऑर्डर तिच्या नावानं निघाली. त्याला एकोणीस वर्षं झाली.

मिनी अंगणवाडी म्हणजे पत्र्याची एक खोली आणि एक बाई. गाणी शिकवणारी तीच, खिचडी रांधणारी तीच, वजनं करणारी तीच आणि नाकं पुसणारीही तीच. मायाक्का स्वभावानं तिखट. लेकरासाठी घरी दिलेलं आहाराचं पाकीट कुठल्या सासूनं किंवा नणंदेनं फस्त केलं असं कळलं की ही दारात जाऊन उभी. "लेकराच्या वाट्याचं तू खाल्लंस तर मोटं कोन व्हनार, तू का त्ये?" असं चारचौघांत विचारायची. बायका पदराआड हसायच्या, पण पाकीट पुन्हा कुणी पळवायचं नाही. स्वतः मात्र त्या शिध्यातला दाणा तिनं कधी तोंडात टाकला नाही. घरनं बांधून आणलेली भाकरी खोलीबाहेर बसून खायची, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको.

आता ही वस्ती पडली मेंढपाळांची, अक्कलकोटच्या अंगाला, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारी. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त घरं मेंढरं घेऊन बाहेर पडतात. ती वळतात वैरागच्या बाजूला. तिकडचे शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, रानाला खत होतं. आज या रानात तळ, चार दिवसांनी पुढच्या. घोड्यावर भांडी, भांड्यांवर कोंबड्या आणि कोंबड्यांशेजारी दोन-अडीच वर्षांचं पोर. मृगाच्या तोंडावर सगळे माघारी येतात.

सरकारी कागद म्हणतो, लेकरानं अंगणवाडीत येऊन खाल्लं तर ते हजर. जिथं जाल तिथल्या अंगणवाडीत नाव घाला, असंही कागद म्हणतो. पण चार दिवसांनी गाव बदलणाऱ्या लेकराचं नाव कुठं घालायचं, हे त्यात लिहिलेलं नाही. नावं कमी केली तर आकडा खाली येतो, आणि आकडा खाली आला की केंद्रच बंद. मायाक्कानं पहिल्या दोन वर्षांतच ओळखलं, की खरी हजेरी लावली तर खोटं वागल्यासारखं होईल. तिनं चोवीसच्या चोवीस नावांपुढं खूण करायला सुरुवात केली.

आणि तळावरच्या पोरांचा वाटा तिनं तळावर न्यायला सुरुवात केली. दर दुसऱ्या रविवारी पहाटे पंधरा पोरांचे तांदूळ, डाळ आणि लहानग्यांची पाकिटं दोन पिशव्यांत भरायची, टांगायचा वजनकाटा तिसऱ्या पिशवीत. वस्तीवरनं फाटा, फाट्यावरनं सोलापूर, सोलापुरातनं वैराग आणि तिथनं मेंढरं असतील तिकडं पायी. तळावर पोचली की बाभळीला काटा टांगून एकेकाचं वजन करायची आणि वेगळ्या वहीत लिहायची. ज्याचं वजन घटलं त्याच्या आईची खरडपट्टी काढायची. तिच्या भाड्याचं कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलंही नाही. सतरा वर्षं हे असंच चाललं होतं. वस्तीला माहीत होतं, वरच्या पर्यवेक्षिका पूनम मॅडमना माहीत होतं, आणि सगळे गप्प होते. कारण पोरं धडधाकट होती.

त्या पोरांतली एक दिपाली. रेवणसिद्ध आणि चन्नम्माची थोरली. पाच वर्षांची असताना तळावर हगवणीनं अगदी काडी झाली होती. मायाक्का तेव्हा दर दुसऱ्या रविवारऐवजी दर रविवारी गेली, पोरीला मांडीवर घेऊन मऊ भात भरवत बसली. पुढं ती पोरगी शिकली. सोलापुरात हॉस्टेलला राहून अर्थशास्त्रात एम.ए. करायला लागली. वस्तीतली पहिलीच. मायाक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमची दिपी आता सरकार कुटं चुकतंय त्ये शोधतीया." सांगताना छाती अशी फुगायची, की ऐकणाऱ्याला हसू यावं.

गेल्या वर्षी संक्रांत झाली आणि दिपाली वही-पेन घेऊन वस्तीवर आली. कॉलेजच्या संशोधन स्पर्धेसाठी प्रकल्प करायचा होता: अंगणवाडीच्या आहारावर जो खर्च होतो, तो खरंच लेकरांच्या पोटात जातो का? तालुक्यातली पाच केंद्रं तिनं निवडली होती, त्यातलं एक आपलंच. मायाक्काला वाटलं, चला, कुणीतरी विचारायला तरी आलं.

तीन दिवस दिपाली खोलीच्या कोपऱ्यात बसून मोजत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी, पोरं गेल्यावर, म्हणाली, "आत्ती, रजिस्टरला चोवीस आहेत. मला तर नऊच दिसतात."

दुसरी कुणी असती तर मायाक्कानं तिला चहा पाजून वाटेला लावलं असतं. पूनम मॅडमपुढंही तिनं ही गोष्ट कधी उघड उच्चारली नव्हती. पण ही पडली घरची पोरगी.

"बाकीची पंधरा कुटं हायती त्ये तुला ठावं न्हाय व्हय गं?" ती म्हणाली. "तुजं धाकटं भावंडच त्यात हाय की."

"ठाऊक आहे. पण त्यांचा आहार?"

"रविवारी माज्यासंगं चल. डोळ्यानं बग."

रविवारी दोघी गेल्या. वैरागच्या पुढं तूर काढलेल्या एका रानात तळ होता. मायाक्कानं बाभळीला काटा टांगला, पोरं आपापली रांगेत उभी राहिली, त्यांना सवय होती. दिपालीनं प्रत्येक वजन आपल्याही वहीत उतरवून घेतलं. चन्नम्मानं तीन दगडांवर खिचडी टाकली. दिपाली पोरांच्या पंगतीत बसून जेवली आणि जेवता जेवता रडायला लागली. "आत्ती, हे कुणीच कुठं लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"लिही की मग. पर माजं नाव घालू नगं, बाई. वरून इचारलं तर माज्याकडं उत्तर न्हाय."

"नाव घालतच नसतात, आत्ती. केंद्राचंसुद्धा नाही. मी 'केंद्र क' असं लिहिणार."

मायाक्काला ते पटलं. परतीच्या एसटीत पोरगी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. एवढी शिकली तरी आपली ती आपलीच राहिली, या विचारानं मायाक्काला सोलापूर येईपर्यंत गुदगुल्या होत होत्या.

मार्चमध्ये निकाल लागला, पहिला नंबर. दिपाली पेढे आणि बांधलेला अहवाल घेऊन आली. अहवाल सगळा इंग्रजीत, जाडजूड, गुळगुळीत पानांचा. पण पहिलंच पान तिनं मुद्दाम मराठीत घातलं होतं. "हे तुमच्यासाठी, आत्ती," म्हणत तिनं ते उघडून दिलं. आभार. गाईड उदयसिंह सर, प्राचार्य, आईवडील, आणि खाली एक आख्खी ओळ: बंडगर वस्ती येथील अंगणवाडी सेविका श्रीमती मायाक्का सिदू गावडे, ज्यांच्यामुळे केंद्र क मधील वास्तव समजू शकले, त्यांचे ऋण शब्दांत मांडता येणार नाहीत.

आमच्याकडं असंच असतं. सत्यनारायण असो, मुंज असो नाहीतर मंडळाचा गणपती, ज्यानं सतरंजी दिली त्याचं नाव आधी पुकारायचं. नाव राहिलं तर माणूस रुसतो. पोरीच्या हाडात तेच मुरलेलं. अहवालभर 'केंद्र क', 'केंद्र क' करत नाव झाकलं, आणि आभाराच्या पानावर पत्त्यासकट बाई उभी केली. तिच्या ते ध्यानातही आलं नाही. मायाक्काच्याही आलं नाही. तिनं आपलं नाव चारदा वाचलं, पुढची पानं उलटून बघितली, आकड्यांचे तक्ते बघितले, आणि पोरीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. आत काय लिहिलंय ते तिनं विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, ती स्वतः बरोबर होती की.

आठ दिवसांनी पेपरात बातमी आली. विद्यार्थिनीच्या संशोधनातून उघड: अंगणवाडीतील साठ टक्क्यांहून अधिक हजेरी कागदावरच. दुसऱ्याच दिवशी पूनम मॅडम स्कूटीवरून वस्तीवर हजर झाल्या. हातात अहवालाची झेरॉक्स होती. त्या चिडलेल्या नव्हत्या, त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं.

"मायाक्काबाई, हे काय करून बसलात?" त्या म्हणाल्या आणि एकेक वाक्य मराठी करून सांगायला लागल्या. केंद्र क मध्ये नोंद चोवीस, प्रत्यक्ष नऊ. उरलेल्या पंधरा लाभार्थ्यांचा आहार त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, ही गळती आहे. अशी लहान केंद्रं जवळच्या मोठ्या केंद्रात विलीन करावीत, अशी शिफारस.

"असं कसं लिहील ती?" मायाक्का म्हणाली. "तळावर आली हुती की माज्यासंगं. जेवली तितं. पुढं लिहिलं आसंल, बगा तुमी."

पूनम मॅडमनी सगळी पानं उलटून पाहिली. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिली. तळ नव्हता, बाभळ नव्हती, पंधरा वजनंही नव्हती. "नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "आणि मला वर सांगता आलं असतं की बाई, केंद्र क कुठलं ते माहीत नाही. पण इथं तर तुमचं नाव छापलंय. चौकशी लागलीय, तुम्हाला तालुक्याला बोलावलंय."

मायाक्कानं त्यांच्या देखतच दिपालीला फोन लावला. पोरगी फोनवर गडबडली. सर म्हणाले होते, एका भेटीवरून विधान करता येत नाही. शिवाय आहार केंद्रात खाल्ला तरच लाभ, अशी व्याख्या आधीच ठरवली होती. व्याख्या मध्येच बदलली तर सगळे तक्ते बदलावे लागतात, आणि सादरीकरणाला दोनच दिवस उरले होते. "आत्ती, मी कुठं म्हटलं तुम्ही खाल्लं म्हणून? गळती हा फक्त शब्द आहे."

"चौकशी लागलीया दिपे. तालुक्याला बोलावलंय. तू यिऊन येवडंच सांग, की म्या डोळ्यानं बगितलं. बाकी मला काय नगं."

"येते," ती म्हणाली. "नक्की येते, आत्ती."

आणि ती आली, हे तिला मान्य केलं पाहिजे. इस्त्रीचा ड्रेस घालून, अहवाल छातीशी धरून कार्यालयाच्या बाकावर मायाक्काच्या शेजारी बसली. मायाक्कानं वजनाची वही पिशवीत आणली होती. चौकशी करणारा साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं वही चाळली, म्हणाला, "बाई, ही तुमची घरची वही. हिला शिक्का नाही, सही नाही. तुम्ही म्हणता ते त्रयस्थ कुणी पाहिलंय का?" आणि तो दिपालीकडं वळला. "तुम्ही संशोधनासाठी गेला होतात. मुलांना तिथं आहार मिळताना तुम्ही पाहिलं का?"

मायाक्काच्या जिवात जीव आला. आता सुटलो, असं तिला वाटलं.

दिपालीनं मान खाली घातली. पुढच्या सोमवारी राज्य पातळीची फेरी होती. पंधरा पोरं जेवताना पाहिली असं इथं लिहून दिलं असतं, तर केंद्र क चा आकडा कोसळला असता, आणि सगळा अहवाल त्या आकड्यावर उभा होता. "सर," ती म्हणाली, "ते माझ्या अभ्यासाच्या व्याप्तीत नव्हतं."

"म्हणजे पाहिलं, की नाही पाहिलं?"

"व्याप्तीत नव्हतं, सर."

साहेबानं ते तसंच्या तसं लिहून घेतलं. मायाक्कानं पोरीकडं बघितलं. पोरगी अहवालाच्या कव्हरवरची धूळ बोटानं पुसत होती, धूळ नसलेलं कव्हर. ज्या तोंडात आपण मऊ भात घातला त्या तोंडातून हे निघालं, यावर मायाक्काचा विश्वास बसेना. रजिस्टरातल्या खुणा तुम्हीच केल्यात ना, असं साहेबानं विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून "व्हय साहेब" एवढंच निघालं. तेही गुन्हा कबूल केल्यासारखं लिहिलं गेलं.

महिन्याभरात ऑर्डर आली. बाई कामावरून कमी आणि केंद्र बंद. पोरांची नावं गावातल्या मोठ्या अंगणवाडीला जोडली, ओढ्यापलीकडं साडेतीन किलोमीटर. तीन वर्षांचं पोर साडेतीन किलोमीटर चालत खिचडी खायला कसं जाणार, हे ऑर्डरीत नव्हतं. काटा सरकारचा, तो नेला. पातेली नेली. पत्र्याच्या खोलीला कुलूप लागलं.

मायाक्का पंधरा दिवस घराबाहेर पडली नाही. वस्तीतल्या बायका येऊन दिपालीच्या नावानं बोटं मोडायच्या, तर ही त्यांनाच गप्प करायची. "भ्याली आसंल पोरगी. साहेबापुढं आपली कुटं बोबडी वळत न्हाय व्हय?" असं म्हणायची. चन्नम्मा एकदा तळावरनं पाया पडायला आली, तर मायाक्कानं तिला उठवून बसवली, चहा पाजला. आत मात्र जळत होतं. रांधायच्या वेळेला हात आपोआप चोवीसांचा अंदाज घ्यायचे आणि मग रिकामेच राहायचे, हे तिला सगळ्यात जड जायचं.

शेवटी तीच उठली. घरटी दोन ओंजळी ज्वारी नाहीतर तांदूळ मागून आणायला लागली आणि वस्तीवर असतील तेवढ्या पोरांना आपल्या ओसरीवर जेवू घालायला लागली. भुसार दुकानदाराचा जुना काटा उसना आणून वजनंही करू लागली. तळावर नेण्याइतकं मात्र जमत नव्हतं. दिवाळीनंतर मेंढरं निघाली तेव्हा तिनं पाठीमागनं आवाज दिला, "पोरांस्नी दोनदा शिजवून घाला गं," आणि घरात जाऊन बसली. तळावरून निरोप यायचे, सिद्धम्माचं पोर वाळलंय, अजिनाथला सारखा ताप येतोय. ती ऐकून घ्यायची. दुसरं काय करणार होती?

यंदाच्या जानेवारीत दिपाली आली. वर्षानं. ओसरीच्या पायरीशी उभी राहिली, आत ये म्हटल्याशिवाय आली नाही. मायाक्कानं 'ये' म्हटलं. पाणी दिलं. पोरगी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आत्ती, माझं चुकलं."

त्या तीन शब्दांसाठी मायाक्का वर्षभर थांबली होती. तिचा सगळा राग तिथंच विरघळायला लागला. "आसू दे," ती म्हणाली. "आलीस, बास झालं."

दिपाली जवळ सरकून बसली. पीएचडीला निवड झाली होती, फेलोशिप मिळाली होती. विषयही ठरला होता: अंगणवाडी बंद झाल्यावर लेकरांवर काय परिणाम होतो. "आत्ती, आपलं केंद्र बंद झालं त्यामुळं आधीची आणि नंतरची तुलना करता येते. अशी संधी सहसा मिळत नाही. आधीची वजनं तुमच्या वहीत आहेत, तळावरची आणि इथली. पुढची मी घेईन. एकदा हे आकड्यांनी सिद्ध केलं, की केंद्र परत उघडावंच लागेल."

मायाक्काला 'संधी' हा शब्द खटकला, पण पुढचं ऐकून ती हलली. केंद्र परत. ती उठली, पेटीतनं वही काढली, पदरानं पुसली आणि मांडीवर घेऊन बसली.

"किती दिस लागतील?"

"तीन वर्षं."

"तीन वर्सं," मायाक्का म्हणाली. आज तीन-चार वर्षांची असलेली पोरं तोवर अंगणवाडीचं वय ओलांडून जातील, हा हिशेब तिनं मनात केला. पण पुढच्यांना तरी होईल. "बरं. अजून काय?"

"एक अडचण आहे. तुम्ही घरोघरचं गोळा करून पोरांना जेवायला घालता, ते आई म्हणाली. त्यामुळं काय होतं, केंद्र बंद झाल्याचा परिणाम नीट दिसत नाही. वजनं टिकून राहतात. सर म्हणाले, निदान पहिलं वर्षभर तरी ते..."

"बंद करू?"

"बंद असं नाही, आत्ती. मोजण्यापुरतं."

मायाक्कानं चुलीकडं बघितलं. चुलीवर मोठ्या पातेल्यात डाळ-तांदूळ शिजत होते. तिनं वही मांडीवरून काढली आणि पेटीत ठेवून पेटीला कडी घातली.

"त्या दिवशी साहेबापुढं तू गप बसलीस," ती म्हणाली, "तवा म्या समद्यास्नी सांगितलं, पोरगी भ्याली. वरीसभर त्येच सांगत आले. तुज्या आईला सांगितलं, मलाबी त्येच सांगितलं. भ्यालेल्या लेकरावर कोन राग धरतंय?" तिचा आवाज चढला नाही. "तू भ्याली न्हवतीस दिपे. ही पोरं तुला दिसतच न्हाईत."

"आत्ती, मी तुमच्यासाठीच—"

"ऊठ आता. पोरं जेवाय येतील. त्यांच्या म्होरं तुला हाकलायची पाळी माज्यावर आनू नगं."